दोरांच्या आत

सरांनी पहिले पंधरा दिवस आम्हाला ग्लोव्ह्जना हातही लावू दिला नाही. नुसते पाय. डावा पुढे, उजवा मागे, मागची टाच किंचित उचललेली, आणि सरकताना एक पाय दुसऱ्यावर येऊ द्यायचा नाही. सर लष्करातून निवृत्त झालेले, बोलणं मोजकं. समोरच्याच्या मुठीवर कुणाची नजर खिळली की म्हणायचे, "हात फसवतो रे. पाय बघ."

कॉलेजातली दोन वर्षं मी बॉक्सिंग शिकलो. सरावात नाकावर बसलेला पहिला ठोसा आजही आठवतो. दुखलं नंतर. आधी डोळ्यांत पाणी भरलं आणि समोरचं दिसेनासं झालं. काय करायचं ते पाठ होतं, रोज घोटलेलं होतं, तरी दोन्ही हात तोंडावर गेले आणि मी पाठ फिरवली. तेव्हापासून कुठलीही लढत बघताना मी एकाच गोष्टीची वाट बघतो: मार बसल्यानंतरच्या दहा सेकंदांत हा माणूस काय करतो?

आमच्या घरात सर्वश्रेष्ठ बॉक्सर कोण, हा प्रश्न माझ्या आधीच सुटलेला होता. दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. ३० ऑक्टोबर १९७४ रोजी किन्शासात मुहम्मद अलीने जॉर्ज फोरमनला आठव्या फेरीत आडवं केलं, तेव्हा दादा शाळेत होता. वर्तमानपत्रातला तो फोटो त्याने कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता. पुढे मी शुगर रे रॉबिन्सनबद्दल वाचायला लागलो, जुनी चित्रणं मिळवून बघू लागलो, आणि आम्हा भावांचा वाद सुरू झाला. तो पस्तीस वर्षं चालला आहे. मी तो कधी गमतीत घेतला नाही आणि दादानेही नाही.

माझं म्हणणं तेव्हा अगदी सरळ होतं. बॉक्सर मोजायचा तो दोरांच्या आत. बाहेर तो काय बोलला, कुणाशी भांडला, किती देशांत त्याचं नाव झालं, हे सगळं बाजूला ठेवायचं.

दोरांच्या आत मोजायचं तर सगळ्यात सोपी पट्टी अपराजित राहण्याची. रॉकी मार्सियानो ४९ लढतींत ४९ विजय घेऊन निवृत्त झाला. फ्लॉइड मेवेदरने ५० पैकी ५० जिंकल्या, त्यातली पन्नासावी २०१७ मध्ये कॉनर मॅकग्रेगरशी, ज्याची व्यावसायिक बॉक्सिंगमधली ती पहिलीच लढत होती. दोघांच्या कर्तृत्वाबद्दल मला शंका नाही. मेवेदरच्या बचावाइतकं देखणं फार थोडं पाहिलं आहे मी. पण जो हरलाच नाही, त्याचं हरल्यानंतरचं रूप आपल्याला कधी दिसत नाही, आणि मला तर तेच बघायचं असतं.

रॉबिन्सन हरला. पहिल्या ४० व्यावसायिक लढती जिंकून ५ फेब्रुवारी १९४३ रोजी डेट्रॉइटमध्ये तो जेक लामोटाकडून हरला. लामोटा वजनाने बराच जड, अंगावर चालून येणारा. दोनच आठवड्यांनी रॉबिन्सनने न्यूयॉर्कमध्ये दुसऱ्या एका तगड्या बॉक्सरला हरवलं, आणि त्यानंतर आठवडाभरात, २६ फेब्रुवारीला, पुन्हा डेट्रॉइटला जाऊन लामोटाला. आज मोठा बॉक्सर वर्षात दोनदा रिंगमध्ये उतरला तरी पुष्कळ. रॉबिन्सनची पुढची हार आली ती थेट १९५१ च्या जुलैमध्ये, लंडनला, रँडी टर्पिनकडून. मधली आठ वर्षं तो ९१ लढती न हरता लढला होता.

टर्पिनशी दुसरी लढत १२ सप्टेंबरला न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर झाली. साठ हजारांवर माणसं जमली होती. दहाव्या फेरीत रॉबिन्सनच्या डोळ्यावरची जखम फाटली आणि रक्त गालावर ओघळायला लागलं. पंच आता कुठल्याही क्षणी लढत थांबवणार हे त्याला कळलं असणारच. अशा वेळी बहुतेक जण मिठी मारतात, वेळ काढतात. रॉबिन्सन पुढे सरकला. त्याच्या उजव्या ठोशाने टर्पिन खाली गेला, उठला, आणि मग दोरांना टेकलेल्या टर्पिनवर ठोशांची जी झड लागली ती पंचांनी मध्ये पडेपर्यंत थांबली नाही. फेरी संपायला आठ सेकंद उरली होती. ते चित्रण मी असंख्य वेळा पाहिलं आहे. हातांचा तो पाऊस पडत असताना पायांकडे बघा. एकदाही एकमेकांत अडकत नाहीत, तोल जात नाही, डावा पुढे आणि उजवा मागे. डोळ्यात रक्त आणि खाली पहिल्या पंधरवड्यातला धडा. इथे मला दरवेळी माझी फिरलेली पाठ आठवते.

हेच पुन्हा १९५७ मध्ये. जानेवारीत तो जीन फुलमरकडून हरला. १ मे रोजी शिकागोत, छत्तिसाव्या वाढदिवसाला दोन दिवस असताना, पाचव्या फेरीत त्याने एक डावा हुक मारला. त्या आधी फुलमरला कुणीही नॉकआउट केलं नव्हतं. ठोसा इतका आखूड आहे की पहिल्यांदा बघताना डोळ्यांतून निसटतो. मिडलवेटचं विश्वविजेतेपद त्याने पाच वेळा जिंकलं. शिवाय रॉबिन्सनच्या वेल्टरवेट काळातली, म्हणजे ऐन भरातली, चित्रणं फारच थोडी उरली आहेत. आपण पाहतो तो तिशी ओलांडलेला रॉबिन्सन.

दादा हे सगळं शांतपणे ऐकून घ्यायचा. मग एकच वाक्य: "आणि त्याने सोडलं काय?"

त्याचा रोख १९६७ कडे असे. २८ एप्रिलला ह्यूस्टनमध्ये अलीने सैन्यभरती नाकारली. व्हिएतनाममध्ये लढायला तो तयार नव्हता. विश्वविजेतेपद काढून घेतलं गेलं, परवाने रद्द झाले आणि पंचवीस ते अठ्ठावीस या वयातली तीन वर्षं सात महिने तो रिंगबाहेर राहिला. बॉक्सरच्या आयुष्यात ही वर्षं परत येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला तो जून १९७१ मध्ये, जो फ्रेझरने त्याला पंधराव्या फेरीत खाली पाडून हरवल्यानंतर तीन महिन्यांनी. दादाच्या मते अलीने घेतलेला सगळ्यात जड ठोसा हाच होता आणि तो दोरांच्या आत मारलेला नव्हता.

मी उत्तर द्यायचो की हे माणसाचं मोठेपण आहे, बॉक्सरचं नव्हे. आणि माणूस म्हणून मोजायचं असेल तर ज्या फ्रेझरने बंदीच्या काळात अलीची बाजू घेतली, त्यालाच अली पुढे जाहीरपणे गोरिला म्हणत राहिला, हेही मोजावं लागेल. दादा ते नाकारत नसे. "मोज," म्हणायचा, "पण सगळंच मोज."

मग माझ्याही बाजूचं सगळं समोर ठेवावं लागलं. २४ जून १९४७, क्लीव्हलँड. आदल्या रात्री रॉबिन्सनला स्वप्न पडलं की आपल्या ठोशाने प्रतिस्पर्धी जिमी डॉयल मेला. सकाळी त्याने लढायला नकार दिला. धर्मगुरूंना बोलावून त्याची समजूत घालण्यात आली. आठव्या फेरीत त्याच्या डाव्या हुकने डॉयल पडला आणि पुढच्या दिवशी गेला. नंतर रॉबिन्सनने लढतींतली काही कमाई डॉयलच्या आईला दिली. ज्या डाव्या हुकचं मी इतकं कौतुक करतो तोच हा हुक. दहा वर्षांनी फुलमरला बसला तेव्हाही तोच. १९९६ मध्ये अटलांटात ऑलिंपिकची मशाल धरलेला अलीचा थरथरता हात साऱ्या जगाने पाहिला. रॉबिन्सन १९८९ मध्ये गेला तेव्हा त्याची स्मृती आधीच गेलेली होती. या खेळात सर्वश्रेष्ठ कोण असं विचारताना आपण नेमकं काय विचारत आहोत, याचं मला तेव्हा भय वाटलं होतं. अजून वाटतं. तरी मी बघायचं थांबवलं नाही.

माझी पट्टी मोडली ती मात्र वेगळ्याच माणसापायी. चार्ली बर्ली. पिट्सबर्गचा कृष्णवर्णीय बॉक्सर, रॉबिन्सनचा समकालीन. त्याने १९४४ मध्ये आर्ची मूरला हरवलं. पुढे लाइट हेवीवेटचा जगज्जेता झालेला आणि मार्सियानो, अली या दोघांशीही लढलेला हा मूर म्हणे की आपल्यासमोर उभा राहिलेला सर्वांत उत्तम बॉक्सर बर्लीच. इतकं असून बर्लीला विश्वविजेतेपदाची एकही लढत मिळाली नाही. त्याच्याशी लढण्यात धोका मोठा होता आणि पैसा थोडा. त्याच्यासारखे कृष्णवर्णीय बॉक्सर मग एकमेकांशीच पुन:पुन्हा लढत राहिले. रॉबिन्सन आणि बर्ली तर कधी समोरासमोर आलेच नाहीत. निवृत्तीनंतर बर्लीने पिट्सबर्गमध्ये नगरपालिकेच्या गाडीवर कचरा उचलण्याचं काम केलं.

हे वाचलं त्या रात्री मी बराच वेळ जागा होतो. दोरांच्या आत मोजायचं, असं मी वर्षानुवर्षं म्हणत आलो. पण दोरांच्या आत कुणाला येऊ द्यायचं, हे ठरत होतं बाहेर. मग माझ्या शुद्ध हिशेबात बर्ली कुठे बसतो? शेवटी रॉबिन्सनच्या पावणेदोनशेच्या आसपास विजयांमध्ये एक जागा मला रिकामी दिसायला लागली, आणि ती कुठल्याही युक्तिवादाने भरेना.

दादाला फोन करून सांगितलं. बर्लीने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या निवड चाचणीत भाग घेतला नव्हता, हेही सांगितलं. नाझींच्या निषेधार्थ बार्सिलोनात भरणार असलेल्या पर्यायी क्रीडास्पर्धेला तो गेला होता, आणि तिथे पोचल्यावर स्पेनमध्ये यादवी पेटल्यामुळे स्पर्धाच झाली नाही. दादा थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे नकार देणारा माझा एकटा अलीच नाही."

मी अजूनही रॉबिन्सनच म्हणतो. पण आता म्हणताना थांबतो. रॉबिन्सन आपली शेवटची लढत १० नोव्हेंबर १९६५ रोजी लढला आणि हरला. ती पिट्सबर्गमध्येच झाली, बर्लीच्या गावात. महिन्याभराने मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये निरोप समारंभ झाला, टर्पिन आणि फुलमरही आले होते. रॉबिन्सनला एक भलामोठा चषक मिळाला. त्याच्या छोट्याशा भाड्याच्या घरात तो पेलवेल असं एकही टेबल नव्हतं.

बर्लीचं एक चित्रण उरलं आहे, १९४६ चं, ओकलंड बिली स्मिथविरुद्धचं. गेल्या दिवाळीत दादा आला तेव्हा ते लावलं. फिकट, कण उडालेलं चित्र. बर्ली हात खाली सोडून उभा, खांद्याच्या जराशा हालचालीने ठोसे चुकवणारा. दादाने चष्मा पुसला आणि खुर्ची पुढे ओढली.

"त्याचे पाय बघ," तो म्हणाला.

मी तेच बघत होतो. चित्रण संपलं तसं दादाने पुन्हा लावायला सांगितलं.