दादींचा निकाह, शव्वाल 1366

घरात जुना कागद शोधायला घेतला की पहिला प्रश्न येतो, "कशाला हवाय? नोटीस आली का काही?" आपल्या घरांतून कागद म्हटलं की आता धास्तीच वाटते. 2019 च्या अखेरीस एनआरसीच्या बोलण्याने कपाटं उपसली गेली. 2025 च्या जानेवारीत मालेगावात उशिरा नोंदवलेल्या जन्मदाखल्यांच्या चौकशीसाठी विशेष तपास पथक नेमलं गेलं, तेव्हा तर नात्यातल्या नात्यात फोन सुरू झाले. त्यामुळे आम्ही तिघा भावंडांनी "खानदानाचा शजरा तयार करतोय" असं सांगितलं, तरी कोणाचा विश्वास बसेना.

सुरुवात गरजेतूनच झाली होती. पुतणीच्या कॉलेज प्रवेशासाठी जात पडताळणी करायची होती, आणि ओबीसीला 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो. दादांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा मिळाला आणि ते काम झालं. पण प्रतिज्ञापत्राला जोडलेली वंशावळ वाचताना लक्षात आलं की चार पिढ्यांत एकाही बाईचं नाव नाही. दादींचं नाव लिहायला त्या कागदावर जागाच नव्हती. म्हणून आम्ही दादींचे कागद शोधायला निघालो.

दादी येवल्याच्या. जन्माच्या नोंदीपासून सुरुवात केली. इथे एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण पुष्कळांना ती माहीत नसते. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम 17 प्रमाणे ठरलेली फी भरून कोणीही निबंधकाला नोंद शोधायला लावू शकतो आणि तिचा दाखला मागू शकतो. मृत्यूच्या दाखल्यात मरणाचं कारण तेवढं देत नाहीत. प्रत्यक्षात खिडकीवर "तुम्ही कोण त्यांचे?" हा प्रश्न होतोच. अर्जातच कलम आणि नातं दोन्ही लिहून नेलं, की बोलणं लवकर संपतं. खेड्यातली नोंद असेल तर गाव नमुना 14 विचारायचा, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात. त्यातली जुनी पानं मोडीत असतात, तेव्हा मोडी वाचणारा माणूस आधी गाठावा. नावं एकाच पद्धतीने लिहिलेली असतील अशी आशा धरू नये. महमद, महंमद, मोहोमद सगळं पाहावं. 'वलद' म्हणजे अमक्याचा मुलगा आणि 'कोम' म्हणजे अमक्याची बायको, एवढं कळलं तरी अर्धं पान उलगडतं.

दादींच्या वडिलांच्या नावावर पाच वर्षांत तीन मुली सापडल्या. तारीख, बापाचं नाव, जात, धंदा, आणि पुढे नुसतं 'मुलगी'. नावाचा रकाना तिन्ही ठिकाणी कोरा. नाव अकीक्याच्या दिवशी ठेवलं जायचं, आणि ते सांगायला पुन्हा कचेरीत कोण जाणार? तिघींपैकी दादी कोणती, ते त्या वहीतून कळणं शक्य नव्हतं.

मग निकाहची नोंद. दादा-दादींचा निकाह येवल्याला नाही, नाशकात दादींच्या मामूंच्या घरी झाला, हे ऐकलेलं होतं. नवरीच्या माहेरी का नाही, हे कोणी कधी विचारलं नव्हतं.

काझींचं रजिस्टर हे सरकारी दप्तर नव्हे. 1880 चा काझी कायदा सरकारला काझी नेमायची मुभा देतो, पण त्याने काझीला कसलाही न्यायाचा किंवा कारभाराचा अधिकार मिळत नाही. त्यामुळे जुनी रजिस्टरं त्या त्या घराण्यातच राहिली. ती दाखवायची की नाही, हे ज्याच्या घरी ट्रंक आहे त्याच्या मर्जीवर. जुन्या नाशकातल्या अशा एका घरात आम्ही तीन वेळा गेलो. पहिल्यांदा नुसता चहा झाला. दुसऱ्यांदा त्यांनी आमची ओळख आमच्याच मोहल्ल्यातून पडताळून घेतल्याचं सांगितलं. तिसऱ्यांदा रजिस्टर निघालं. आमची नोंद सापडताच त्यांनी वरच्या आणि खालच्या नोंदींवर पुठ्ठ्याचे दोन तुकडे ठेवले. फोटोला नाही म्हणाले, लिहून घ्या म्हणाले. कोणाचा मेहर किती, कोण तलाकशुदा, कोणाचं वय किती, हे सगळं त्या पानांवर होतं, आणि त्यांची नातवंडं आजही त्याच गल्ल्यांत राहतात. कचेरीतल्या शिक्क्यापेक्षा हे पुठ्ठ्याचे तुकडे आम्हाला जास्त पटले.

नोंद उर्दूत. तारीख 4 शव्वाल 1366. त्या वर्षी 15 ऑगस्टला रमजानची 27 तारीख होती आणि ईद 18 ऑगस्टला झाली, म्हणजे हा निकाह 21 ऑगस्ट 1947 चा, गुरुवारचा. दोन गवाह. वकील म्हणून मामूंचं नाव. मेहर एकशे सत्तावीस रुपये आठ आणे, मुअज्जल. मराठीत हा शब्द एकच दिसतो, उर्दूत मात्र दोन आहेत. ऐनने लिहिला तर मेहर लगेच द्यायचा, हम्जाने लिहिला तर पुढे. इथे ऐन होता. दादांनी त्याच रात्री मेहर दिला असणार, असं आम्ही धरून चाललो आहोत.

आणि दादींचं नाव, पूर्ण, वडिलांच्या नावासह. त्यापुढे एक शब्द: बेवा.

आम्हाला हे माहीत नव्हतं. एकोणीस-वीस वर्षांच्या दादी दादांच्या घरी विधवा म्हणून आल्या होत्या. मामूंचं घर का, ते आता कळलं. यात लपवण्यासारखं काय आहे? हजरत खदीजा (रजि.) यांचा निकाह प्यारे नबींशी (स.) झाला तेव्हा त्याही विधवा होत्या. आपल्या मिलादच्या बयानात हे दर वर्षी सांगितलं जातं. घरात मात्र अठ्ठ्याहत्तर वर्षं कोणी बोललं नाही.

फुफींना ठाऊक होतं. त्या बराच वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "अम्मा ने कभी बोला नहीं, तुम क्यों बोलते?" आमच्यात यावरून दोन मतं पडली. धाकट्याचं म्हणणं, शजऱ्यात लिहायचंच, नाहीतर पुन्हा बापांचीच यादी होईल. थोरलीचं म्हणणं, ज्या बाईने जन्मभर झाकून ठेवलं ते आपण उघडं करायचा हक्क कोणी दिला? काझींच्या घरचे पुठ्ठे आपण परक्यांसाठी मान्य केले, मग दादींसाठी का नको? आम्ही अजून भांडतोच आहोत.

दोन दिवसांनी फुफींचा फोन आला. रजिस्टरातलं नानांचं नाव वाचून दाखवा म्हणाल्या. वाचलं. पुन्हा वाचायला लावलं. मग हळूच विचारलं, "उस पहले आदमी का नाम उसमें है क्या?" ते त्यात नाही. असेलच तर ते पहिल्या निकाहच्या नोंदीत असेल, येवल्याच्या रजिस्टरात, आणि तिथे नातवंडांपेक्षा सख्ख्या मुलीने मागितलं तर दाखवतील. अर्ज आम्ही फुफींच्या नावाने लिहून ठेवला आहे. सही अजून केलेली नाही, पण कागद त्यांनी परतही दिलेला नाही.