फेकलेली संत्री

'कोपऱ्यावर संत्री फेकली!' सोव्हिएत काळातल्या मॉस्कोत एवढं कानी पडलं, की माणूस हातातलं काम टाकून पळत सुटे. क्रियापद 'विब्रोसिली', शब्दशः 'बाहेर फेकली'. बोलीत मात्र अर्थ, दुकानात विक्रीला आली. इंग्रजीत जसंच्या तसं नेलं तर संत्री थेट कचऱ्यात जातात; 'विक्रीला आली' म्हणावं, तर त्या वाक्यातली धाप जाते, रांगही जाते.

त्या धावणाऱ्याच्या खिशात दोऱ्याची जाळीदार पिशवी असायची, मुठीत मावेल एवढी. तिचं नाव अवोस्का. 'अवोस्' म्हणजे 'कदाचित', 'नशिबात असलंच तर'. न जाणो, वाटेत काही मिळालं तर हाताशी असावी, म्हणून ती रोज बरोबर निघे. रिकाम्या पिशवीला आशेचं नाव ठेवणाऱ्या त्या माणसांविषयी मला फार माया वाटते. या शब्दाला मराठीतही जोड नाही. शोधून पाहिली, सापडली नाही.

रांग चुकवायची तर 'ब्लात' हवा. इथे इंग्रजी अनुवादक ओळख, प्रभाव, देवाणघेवाण असे तीन-चार शब्द खर्ची घालतो. आपलं काम एका शब्दात होतं: वशिला! 'वशिला मंत्रिमंडळाहून मोठा' अशा अर्थाची म्हणच १९३०च्या दशकात रशियात रूढ होती.

आणि 'काय्फ'. हा तर आपला कैफच. मूळ एकच, अरबी. आपल्याकडे तो फारसीच्या वाटेने आला, त्यांच्याकडे तुर्कीच्या. एकोणिसाव्या शतकातल्या रशियनांना हा शब्द जेवणानंतरच्या, हुक्का-कॉफीच्या निवांतपणासाठी ठाऊक होता. पुढे १९६०-७०च्या दशकांत हिप्पी तरुणांनी तो नव्याने उचलला. आता कडाक्याच्या थंडीतून घरी येऊन घेतलेला चहाचा पहिला घोटही काय्फ. तो 'पकडायचा' असतो, आणि रंगाचा बेरंग करणारा तो 'मोडतो'. आपला कैफ मात्र सत्तेचा, दारूचा. चढतो, उतरतो, आणि उच्चारताना स्वर थोडा दोषाचाच लागतो. वाटेत कुठेतरी आपण त्यातला निवांतपणा सांडला, त्यांनी जपला. मला त्यांचा कैफ अधिक आवडतो.

रशियन कथा इंग्रजीवरून मराठीत आणणाऱ्यांना एक कळकळीची विनंती. इंग्रजी प्रतीत नुसती 'मजा' दिसली, तर मूळ रशियन पान एकदा उघडून बघा. तिथे कैफ असेल.