बाणाईचं उत्तर

मुलांनो, जेजुरीचा गड चढताना तुम्ही कधी मध्येच थांबला आहात का? दम लागला म्हणून नव्हे हं, दर्शनासाठी! अर्ध्या वाटेवर बाणाईचं देऊळ लागतं. पुष्कळ जण जाता जाता हात जोडतात, चिमूटभर भंडारा टाकतात आणि पुढे चालू लागतात. वर खंडोबा आहे, म्हाळसा आहे, सगळी घाई तिकडची. मीही लहानपणी तशीच पुढे पळायचे.

मी सणसरची. बारामतीहून इंदापूरकडे जाताना आमचं गाव लागतं. नीरेच्या डाव्या कालव्याचं पाणी, दोन्ही बाजूंना ऊस आणि हंगामात भवानीनगरच्या साखर कारखान्याचा भोंगा. तेच आमचं घड्याळ. पण आमच्याकडे नुसता ऊसच आहे असं समजू नका. कालव्याचं पाणी पोचत नाही तिथली माळरानं मेंढरांची. दिवाळी झाली, की या भागातले कितीतरी मेंढपाळ घोड्यावर बिऱ्हाड लादतात, मेंढरं हाकत घाट उतरून कोकणात जातात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परततात. वाटेत शेतकरी त्यांना बोलावून घेतात. वाघर लावून मेंढरं रात्रभर शेतात बसवली की जमिनीला झकास खत मिळतं आणि मेंढपाळाला धान्य.

अशाच एका घरातली मुलगी सहावीत माझ्या बाकावर बसायची. तिचं नाव इथे सांगत नाही. गणितात ती माझ्यापेक्षा हुशार. शंभर मेंढरांतलं एक कमी असलं तर न मोजता सांगायची, असं ती म्हणायची. मला ते खरं वाटायचं नाही.

नवरात्रात आमच्या शाळेत शारदोत्सव असायचा. त्या वर्षी आमच्या वर्गानं खंडोबाची गोष्ट बसवली. गोष्ट तुम्हाला ठाऊक असेलच, तरी थोडक्यात सांगते. म्हाळसा ही नेवाशाच्या वाण्याची लेक. नाजूक वगैरे समजू नका तिला! मणी आणि मल्ल या दैत्यांशी खंडोबा लढला तेव्हा तीही घोड्यावर होती. कुणाच्या देवघरात खंडोबाचा टाक असेल तर नीट बघा, घोड्यावर दोघं दिसतील. एकदा सारीपाटात खंडोबा म्हाळसेकडून हरला आणि पणाप्रमाणे बारा वर्षं घर सोडून गेला. तो पोचला चंदनपुरीला. तिथे बाणाईच्या बापाकडे चाकरीला राहिला, मेंढरं राखू लागला. मग त्यानं बाणाईशी लग्न केलं आणि तिला जेजुरीला आणलं. इथे खरी गंमत सुरू होते, कारण दोघींचं जोरदार भांडण जुंपतं. जागरणाच्या रात्री वाघ्या-मुरळी ते असं रंगवतात, की पेंगणारी पोरंसुद्धा उठून बसतात.

आमच्या घरी पैठणी होती, म्हणून म्हाळसा मी झाले. बाणाई व्हायला कुणीच तयार नव्हतं. "हिला मेंढरांचं सगळं माहीत आहे," असं म्हणून आम्ही मुलींनीच माझ्या मैत्रिणीला पुढे ढकललं. तिनं मात्र आपलं भाषण दोन दिवसांत तोंडपाठ केलं.

कार्यक्रमाच्या दिवशी ती खांद्यावर घोंगडी टाकून आली आणि मला काय दुर्बुद्धी झाली कोण जाणे! तालमीत नव्हतं असं एक वाक्य मी मनानं घातलं. पदरानं नाक दाबलं आणि म्हणाले, "अगं बाई, आधी आंघोळ करून ये, मग गड चढ!" सगळी शाळा खदखदा हसली. हसू काही थांबेना. त्यापुढे बाणाईचं उत्तर होतं. तिनं तोंड उघडलं, पण त्या गोंधळात कुणीतरी पडदा ओढला. नाटक संपलं. मला शाबासकी मिळाली.

घरी आले तर आजी तांदूळ निवडत बसली होती. मी फुशारकीनं सगळं सांगितलं. आजीनं विचारलं, "आन् बानू काय म्हनली?"

"काही नाही. पडदा पडला."

आजीचा हात थांबला. "मग त्ये भांडान कसलं? जागरनात बानूला बोलू न देता वाघ्या पुढं ग्येला, तर मानसं त्याला उठीवत्याल! आगं, एवढा जेजुरीचा राजा, पर कुनाच्या मेंढरामागं हिंडला? कुनाची मेंढरं धुतली? आन् वास येतो म्हंतीस, तर पावसाळ्यात डोक्यावर काय घिऊन जातीस शाळंला?"

घोंगडीची खोळ! माझ्याकडे तेव्हा छत्री नव्हती.

उद्या तिची माफी मागू, असं रोज ठरवत होते. तेवढ्यात दिवाळीची सुट्टी लागली. सुट्टी संपून शाळेत गेले तर शेजारची जागा रिकामी. त्यांचं बिऱ्हाड कोकणात गेलं होतं. जूनमध्ये ते परतलं, पण ती शाळेत आली नाही. वर्षातले सहा-सात महिने वाटेवर असलेल्या मुलीची शाळा तशीही कधी सुटेल याचा नेम नसतो. असं म्हणून मी कितीदा तरी स्वतःची समजूत घातली आहे.

हे सगळं आता का आठवलं? माझा भाचा शिकायला आयर्लंडला, डब्लिनला गेला आहे. फेब्रुवारीत त्याचा फोन आला, "मावशी, आज सुट्टी. ब्रिजिडची!" ही ब्रिजिड तिथली फार जुनी देवी. कविता तिची, औषधपाणी तिचं, लोहाराचं कामही तिचंच. पुढे ख्रिस्ती धर्म आला, तेव्हा त्याच नावाच्या संत बाईच्या गोष्टींत या देवीच्या गोष्टी मिसळून गेल्या. तिचा सण येतो १ फेब्रुवारीला, मेंढ्यांना दूध यायला लागतं त्या सुमारास. म्हणजे पाहा, मेंढरांशी नातं असलेली देवी तिकडेही आहेच! आणि २०२३ पासून तिच्या नावानं साऱ्या देशाला सुट्टी मिळू लागली.

भाच्यानं मग मेव्ह राणीचीही गोष्ट सांगितली. नवऱ्याची संपत्ती जास्त की माझी, यावरून राणीचं आणि राजाचं भांडण होतं. भांडी मोजतात, दागिने मोजतात, रानातून मेंढरं आणून तीही मोजतात. सगळं सारखं भरतं, फक्त एक बैल राजाकडे जास्त निघतो. तेवढ्यासाठी ही बाई लढाईला निघते! आता यात शहाणपणा काही नाही, हे कुणीही सांगेल. पण भांडणात तिचं म्हणणं काय होतं ते गोष्टीत आहे. मठातल्या साधूंनी शेकडो वर्षांपूर्वी ते लिहून ठेवलं, म्हणून उरलं.

बाणाईचं म्हणणं आपल्याकडे गळ्यांनी जपलं. वाघ्या-मुरळींनी जपलं, ओव्या गाणाऱ्या धनगरांनी जपलं. हायडेलबर्ग विद्यापीठातले जर्मन प्राध्यापक गुंथर सोन्थायमर आपल्याकडे येऊन धनगरांच्यात राहिले, त्यांच्या ओव्या त्यांनी ध्वनिमुद्रित केल्या. १९९२ मध्ये ते वारले. परदेशातला माणूस ज्यासाठी इतक्या लांब आला, ते मी एका नाटकात घालवलं होतं.

आषाढात तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून निघते आणि सणसरला मुक्काम करते. वाटेत काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण होतं. पालखीभोवती मेंढरं धावतात, धुळीचा लोट उठतो, टाळ-मृदंगात त्यांचं बेंबें मिसळतं. गेल्या आषाढात मी मुद्दाम गेले. त्या दिवशी मेंढरांचा वास येतो म्हणून कुणी नाक दाबत नाही.

शेजारी एक मुलगी उभी होती. मेंढरं आली तशी ओठांनी "हुर्र्र" करून ती एका चुकार कोकराला वाट दाखवत होती. मी विचारलं, कितवीत आहेस? म्हणाली, "आठवीत. आई-बाप दिवाळीनंतर कोकणात जात्यात, मी आजीपाशी ऱ्हाते."

"बाणाईची गोष्ट येते का तुला?"

"बानूची? सगळी येते. म्हाळसा भांडती ती पण."

आणि रस्त्याच्या कडेला, त्या गर्दीत, तिनं मला बाणाईचं उत्तर म्हणून दाखवलं. चांगलं लांब होतं. मीही तिला सांगितलं, की सहावीत असताना मी म्हाळसा झाले होते. पण मनानं घातलेलं ते वाक्य तिला सांगायचं धाडस झालं नाही. ते आज तुम्हाला सांगितलं.