आधी अस्तर, मग रंग

परळ, नोव्हेंबर

चि. मृण्मयीस,


नव्या घराचे फोटो पोचले. जागा छान आहे आणि बाविसाव्या मजल्यावर उजेडही भरपूर दिसतो. हॉलच्या मोठ्या भिंतीसाठी तू निवडलेली चित्रंही पाहिली. मशीनने कॅनव्हासवर छापलेली, वरून पारदर्शक जेलने ब्रशचे फटकारे ओढलेली. त्यांची किंमत सांगून तू विचारलंस, ‘आत्या, घेऊ का?’ फोनवर मी नुसतं ‘थांब’ म्हणाले. कारण फोनवर सांगण्याइतकं ते छोटं नव्हतं.

घेऊ नकोस. घरी कर. तुझा हात चित्रकलेचा नाही, हे मला ठाऊक आहे. त्याने फारसं बिघडत नाही.

छापील चित्रांना मी नावं ठेवत नाही. राजा रविवर्म्याने 1894 साली मुंबईत छापखाना काढला. पुढे तो मळवलीला गेला. त्या छापखान्यामुळेच लक्ष्मी-सरस्वती चाळीतल्या खोलीपर्यंत आल्या, नाहीतर त्या संस्थानिकांच्या दिवाणखान्यातच राहिल्या असत्या. त्या काळी अशा छापांवर वार्निश चढवत, काहींवर कॅनव्हासच्या विणीचा ठसाही उमटवत, म्हणजे ते तैलचित्र वाटावं. कितीतरी घरांत बायकांनी त्या लक्ष्मीच्या लुगड्याला खरी जर लावली, दागिन्यांवर टिकल्या शिवल्या. जुन्या चित्रांच्या संग्रहात अशी सजवलेली लक्ष्मी दिसली की मी तिथून लवकर हलत नाही. विकत आणलेल्या कागदावरही त्या बायकांना आपला हात उमटवायचा होता. तू दाखवलेल्या छापांत घरच्या माणसाच्या हाताला काही कामच शिल्लक ठेवलेलं नाही, माझी तक्रार तेवढीच आहे.

शिवाय तू राहतेस लालबागला. या भागात कापड विणलंही जायचं आणि रंगवलंही जायचं. विणण्याचं सगळ्यांना माहीत असतं, रंगवण्याचं लोक विसरतात. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’चं चित्रीकरण दादरला केलं, तेव्हा मागचा महाल रंगवलेलाच होता. 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लोकांनी तिकीट काढून पाहिला तो हाच महाल. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर सिनेमात येण्याआधी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत होते. आणि आपल्या परळचा दामोदर हॉल! तो 1922 साली उभा राहिला, आणि दिवसभर गिरणीत राबलेली माणसं रात्री तिथे राजे व्हायची. कामगारांच्या नाटकमंडळींना स्वतःचे पडदे परवडत नसत. जंगल, महाल, रस्ता असे ठरलेले पडदे भाड्याने यायचे आणि तेच महिनाभर वेगवेगळ्या नाटकांत फिरायचे.

त्या पडद्यांवर तेलरंग नसे. रंगाची भुकटी सरसाच्या कोमट पाण्यात कालवून लावत. तेलरंगाने कापड जड होतं, गुंडाळलं की तडकतं, आणि दिव्याच्या उजेडात चमकून पाहणाऱ्याच्या डोळ्यांवर येतं. सरसाचा रंग हलका, मंद आणि स्वस्त. पिवडी, गेरू, हिरमजी, नीळ, काजळी आणि खडू, एवढ्या सामानात अख्खं अरण्य उभं राहायचं. यातले पिवडी, गेरू आणि हिरमजी म्हणजे लोखंडाचा गंज असलेली माती. जे गंजायचं ते आधीच गंजून झालेलं असतं, म्हणून उन्हाने हे रंग उडत नाहीत. रंग निवडताना हे लक्षात ठेव.

सिनेमाचे बॅनर रंगवणाऱ्यांची रीत वेगळी. पंढरपुरात जन्मलेल्या चित्रकार हुसेनांनी मुंबईत उमेदीची वर्षं असे फलक रंगवूनच काढली, आणि मजुरी मिळायची ती चौरस फुटाच्या हिशेबाने. बॅनरवाल्यांचं कापड उघड्यावर, उन्हापावसात लटकायचं, म्हणून तिथे जवसाच्या तेलातला रंग. चेहरे उस्तादाने करायचे, मागचं आभाळ आणि कपडे शिकाऊ पोरांनी, अक्षरं तिसऱ्याच माणसाने. सिनेमा उतरला की बॅनर खाली यायचा, त्यावर पांढरा हात फिरायचा आणि त्याच कापडावर पुढचा हिरो चढायचा. भारतमाता सिनेमासमोर उभं राहून मी लहानपणी हे चेहरे तासन् तास पाहिले आहेत. जवळ गेलं की गालावर हिरवे-जांभळे फटकारे, रस्ता ओलांडून पलीकडे गेलं की जिवंत माणूस. पुढे फ्लेक्स आलं आणि ही सगळी कारागिरी काही वर्षांत रस्त्यावरून पुसली गेली. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

आता तुझ्या आजोबांकडे येते. ते गिरणीत सायझिंग खात्यात होते. साच्यावर, म्हणजे मागावर, चढण्याआधी उभ्या सुताला खळ लावायचं ते खातं. खळ लावली नाही तर धागा साच्याच्या घर्षणाने तुटतो. बाबा म्हणायचे, मुंबईत गिरण्या चालल्या त्या इथल्या दमट हवेमुळे, कोरड्या हवेत सूत कडक होतं आणि तुटतं. पण त्याच दमट हवेत खळ लावलेल्या कापडाला बुरशी येते, म्हणून खळीत झिंक क्लोराइड घालावं लागे. 18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि बाबांचं काम गेलं ते कायमचंच. नंतर ते मंडळांसाठी कापडी फलक रंगवू लागले. अक्षर त्यांचं बेताचंच होतं, पण त्यांचे फलक पावसाळ्यातही झडत नसत, कारण कापडाला काय पाजायचं हे त्यांना गिरणीने शिकवलं होतं. मला त्यांनी जे शिकवलं ते सगळं अस्तराचं, म्हणजे रंगाखालच्या थराचं. वरच्या चित्रावर ते कधी बोललेच नाहीत.

तेव्हा पैसे आणि वेळ खर्च करायचा तो अस्तरावर आणि चौकटीवर. रंगात काटकसर चालते.

कापड मंगलदास मार्केटमधून किंवा हिंदमाताकडून घे. जाड विणीचं कोरं मांजरपाट माग. पिशव्या शिवणारे वापरतात ते कॅनव्हासचं कापड मिळालं तर उत्तमच. उजेडात धरून बघ. धाग्यांच्या मधून पलीकडचं दिसत असेल तर ते ठेवून दे. दोन बाय तीन फुटांच्या चित्राला चारी बाजूंनी तीन-तीन इंच जास्त घे. आणलेलं कापड आधी साबणाच्या कोमट पाण्यात रात्रभर भिजव आणि खळखळून धू. कोऱ्या कापडात गिरणीची खळ असते. ती बुरशीला आणि कसरीला आवडते, आणि तिच्यामुळे अस्तर धाग्यात शिरत नाही. धुतल्यावर कापड आटेल. ते चौकटीवर चढल्यावर आटण्यापेक्षा आधीच आटलेलं बरं. किंचित ओलं असतानाच इस्त्री फिरव.

चौकटीला साग नको. देवदाराच्या किंवा पाइनच्या सरळ पट्ट्या पुरतात, दीड इंच रुंद आणि पाऊण इंच जाड. गणपती झाल्यावर फ्लेक्सच्या चौकटींच्या पट्ट्या भंगारात जातात, त्यातूनही निवडून घेता येतात. फक्त पट्टी जमिनीवर ठेवून डुलत नाही ना, ते बघ. सुताराला दोन गोष्टी बजावून सांग. एक, पुढच्या अंगाची आतली कड रंध्याने उतरती करायची, नाहीतर वर्षभरात त्या कडेची रेघ चित्रावर उमटते. दुसरी, कोपऱ्यांना मागून प्लायचे त्रिकोण मारायचे. चौकट काटकोनात आहे का हे पाहायला दोन्ही कर्ण सुतळीने मोज, सारखे भरले की झालं.

ताणताना कोपऱ्यापासून कधीच सुरू करू नकोस. एका बाजूच्या मध्यावर एक पिन, मग समोरच्या बाजूच्या मध्यावर, मग उरलेल्या दोन बाजूंच्या मध्यावर. तिथून दोन-दोन इंचांनी बाहेर सरकत जायचं, एकदा इकडे, एकदा तिकडे. कापडाचा उभा-आडवा धागा पट्टीला समांतर राहिला पाहिजे. कोपऱ्यांच्या घड्या सगळ्यात शेवटी. टिचकी मारून डग्ग्यासारखा आवाज आला की हात थांबव.

अस्तरासाठी लोक निरनिराळ्या कृती सांगतात, फेव्हिकॉल आणि खडूची भुकटी ही त्यातली सगळ्यात लाडकी. थोडं फेव्हिकॉल चालतं. जास्त झालं तर जुलैत पृष्ठभाग चिकट होतो आणि भिंतीला टेकवून ठेवलेली दोन चित्रं एकमेकांना धरून बसतात. प्लास्टर ऑफ पॅरिस तर मुळीच नको. लालबागच्या गणपतीच्या कारखान्यांत ते ढिगाने दिसतं म्हणून मोह होईल, पण कापड जरा हललं की ते तडकतं. मी वापरते तो बाहेरच्या भिंतीचा पांढरा अ‍ॅक्रिलिक इमल्शन. पावसात टिकावा म्हणून तो लवचीक असतो आणि त्यात बुरशीरोधक घातलेलं असतं. बाबांच्या खळीत झिंक क्लोराइड जे काम करायचं, तेच काम. संग्रहालयात टांगायचं चित्र असतं तर मी तुला जेसो, म्हणजे अस्तराचा तयार रंगच, आणायला सांगितला असता. तुझ्या हॉलला हे पुरे.

पहिला हात निम्मं पाणी घालून, ब्रश दाबून, धाग्यात मुरेल असा लाव. कडांवर आणि घड्यांवरही. दुसरा हात दाट, मूठभर खडूची भुकटी मिसळून, पहिल्याच्या आडव्या दिशेने. दोन हातांच्या मध्ये एक रात्र जाऊ दे आणि 220 नंबरचा पॉलिश पेपर हलका फिरव. तिसरा हात तुझ्या मर्जीवर. बोट फिरवलं की बारीक खरखर लागली पाहिजे. गुळगुळीत अस्तरावर रंग धरत नाही. आणि हे सगळं फाल्गुनापर्यंत उरकून घे. आत्ताची कोरडी हवा पुन्हा वर्षभर मिळणार नाही. पावसाळ्यात लावलेल्या अस्तरात ओल अडकते, ती नंतर पोपड्यांनी बाहेर पडते.

रंगांसाठी उरलेल्याच पांढऱ्या इमल्शनमध्ये स्टेनर मिसळ. हार्डवेअरच्या दुकानात त्याच्या छोट्या बाटल्या मिळतात. पिवळी माती, गेरू, निळा आणि काळा एवढे पुरे. फिकट आणि मध्यम छटा यात सुरेख होतात. गडद रंगासाठी मात्र स्टेनर ओतत बसू नकोस. त्यात रंग धरून ठेवणारं काही नसतं, म्हणून जास्त झाला की तो वाळतच नाही. गडद जागांपुरत्या कॅमलच्या अ‍ॅक्रिलिकच्या दोन ट्यूब आण. दांडेकर बंधूंनी 1931 साली शाईपासून हा धंदा सुरू केला, त्याचे रंग शाळेपासून आपल्या हातात आहेत. एवढं सगळं धरूनही खर्च दुकानातल्या छापील चित्राच्या आसपास फिरकणार नाही.

काय रंगवायचं, हे मी सांगणार नाही. कसं मोठं करायचं ते सांगते. सहा बाय नऊ इंचांच्या कागदावर आधी छोटं चित्र कर. फोटोवरून गिरवलंस तरी चालेल. त्यावर एक-एक इंचाचे चौकोन पाड आणि कॅनव्हासवर चार-चार इंचांचे. गेरूत बुडवलेला दोरा दोघांनी ताणून मध्ये चिमटीत उचलून सोडला की सरळ रेघ उमटते. सुतार असंच सूत मारतात आणि बॅनरवाल्यांकडेही हीच युक्ती होती. मग एकेका चौकोनात जे आहे तेवढंच मोठं करायचं. ज्याला चित्र काढता येत नाही त्यालाही हे जमतं. आधी मागचं सगळं, मोठ्या ब्रशने. बारकावे शेवटी, आणि कमीत कमी. दर थोड्या वेळाने दहा पावलं मागे जाऊन बघ, कारण तुझ्या हॉलमध्ये ते चित्र तेवढ्याच अंतरावरून दिसणार आहे. जवळून ओबडधोबड दिसलं तर घाबरू नकोस आणि लगेच साफसूफ करायला जाऊ नकोस. त्या फटकाऱ्यांतच भारतमाताचे ते चेहरे उभे राहायचे.

पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीवर चित्र लावू नकोस. पाऊस त्या भिंतीला झोडपतो, ओल आत येते आणि चित्राच्या मागून कापड काळं पडतं. आतली भिंत निवड. मागच्या चारही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटव, म्हणजे मधून हवा खेळेल. तुमच्या नव्या इमारतीत जिप्समचा गिलावा असेल तर नुसता खिळा धरणार नाही, ड्रिल करून प्लग बसवावा लागेल. मागच्या पट्टीवर पेन्सिलीने महिना, वर्ष आणि वापरलेले रंग लिहून ठेव. दहा वर्षांनी डागडुजी करायची झाली तर करणाऱ्याला अंदाज लागेल.

भिंतीची लांबी-उंची इंचांत मोजून कळव. पट्ट्या मी इथल्या सुताराकडून कापून आणते. कापड मात्र तूच निवड, पण धुतल्याशिवाय आणू नकोस. आईला नमस्कार सांग.

तुझी,
आत्या