आण्णांची कॅसेट आणि बुजलेला चर



ओढ्याकडच्या पांढऱ्या पडलेल्या तुकड्याचा फोटो मागे टाकला होता. तेव्हापासून बऱ्याच जणांनी विचारलं, "जुना चर सापडला का?" सापडला. पण त्याच्या आधी एक जुना हँडीकॅम दुरुस्त करावा लागला. आजची नोंद त्या कॅमेऱ्याची आहे. जरा लांब झालीय, पण घरात जुन्या कॅसेटी असतील त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

आधी रानाचं सांगतो. आमची जमीन वाळवा तालुक्यातली, काळी, भारी. ओढ्यालगतचा पाऊण एकर पूर्वीपासून दलदलीचा. मे १९९७ मध्ये को ७४० चा खोडवा मोडून रान मोकळं झालं, तेव्हा आण्णांनी त्यात बंदिस्त चर काढले. चार फूट खोल खणायचं, तळाला दगडगोटे, वर मुरूम, मग माती. मुख्य चराच्या शेवटी सिमेंटचा पाईप, त्याचं तोंड ओढ्यात. वीस वर्षं तुकडा चांगला पिकला. २०१९ च्या ऑगस्टात पूर आला, चार दिवस पाणी उभं राहिलं आणि ओढ्याच्या काठावर गाळाचा थर बसला. त्यानंतर दरवर्षी पांढरा पट्टा वाढत गेला. ऊस उगवायचा, पण वीतभर होऊन पिवळा पडायचा. माती तपासली तर सामू ८.७ आणि क्षारता ४.६. क्षारता ४ च्या वर गेली की जमीन क्षारयुक्त धरतात, हे इथल्या वाचकांना माहीत आहेच. कृषी सहायकांनी सरळ सांगितलं, "आधी निचरा. पाणी बाहेर जायला वाट नसेल तर जिप्सम टाकून पैसे वाया घालवू नका."

वाट आण्णांनी केलेली होती. ती कुठं आहे ते मला माहीत नव्हतं. आण्णा २०१६ ला गेले, कागदावर काही नव्हतं. चर खणताना मी वीस वर्षांचा होतो, फावडं घेऊन तिथंच उभा होतो. लक्ष कुठं होतं देव जाणे.

आई म्हणाली, "दाजींनी त्या वेळी शूटिंग केलं नव्हतं का?" दाजी तेव्हा मस्कतला होते, सुट्टीला येताना कॅमेरा घेऊन आले होते. कॅमेरा कधीच विकून झाला. कॅसेट मात्र माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत निघाली. पानसुपारीच्या डबीएवढी. वर आण्णांच्या अक्षरात "शेत, मे ९७" आणि छापील "पी५-९०".

पहिला कॅमेरा साताऱ्यातल्या एका गृहस्थांकडून २,२०० रुपयांना घेतला. त्यांच्या मुलानं अमेरिकेतून आणलेला, अगदी नव्यासारखा. कॅसेट घातली तर चित्राच्या नुसत्या फाटक्या पट्ट्या आणि आवाज घर्रर्र. मला वाटलं कॅसेट मेली. तशीच घेऊन कराडला एका जुन्या व्हिडीओवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी नव्वदच्या दशकात सातारा-सांगलीकडची शेकडो लग्नं शूट केलेली. त्यांनी कॅमेरा उलटा केला, खालची पट्टी वाचली आणि हसले. "ह्यो अमेरिकेचा. एनटीएससी. तुमची कॅसेट पाल. पाण्याची मोटर तीन फेजची आन् तुम्ही सिंगल फेज जोडताय."

त्यांनी समजावलं ते असं. आपल्याकडं आणि आखातात पाल पद्धत होती, एका चित्रात ६२५ ओळी आणि सेकंदाला २५ चित्रं. अमेरिका, जपानकडं ५२५ ओळी आणि सेकंदाला जवळजवळ ३० चित्रं. कॅमेऱ्यातला हेडचा गोल ड्रम त्याच हिशेबानं फिरतो, पालमध्ये मिनिटाला १,५०० फेरे, तिकडच्यात जवळजवळ १,८००. टेपवरच्या तिरप्या रेघा त्या वेगाशी जुळल्या नाहीत तर हेडला काही वाचता येत नाही. कॅसेटवरचं पी५ म्हणजे पालची कॅसेट, तिकडच्या कॅसेटीवर पी६ असतं. जुना कॅमेरा घेणाऱ्यांनी पैसे देण्याआधी खालच्या पट्टीवर पाल हा शब्द बघावा. माझे २,२०० रुपये या एका शब्दापायी गेले. त्यात विकणाऱ्याची चूक नाही, मी विचारलंच नव्हतं.

काकांकडे पालचे दोन जुने हाय-एट कॅमेरे होते. मी लगेच कॅसेट पुढं केली, तर त्यांनी हात मागं घेतला. "अनोळखी मशीनमध्ये आपली एकुलती एक कॅसेट कधी घालायची नाही. आधी वाया गेली तरी चालंल अशी घालायची." त्यांनी कुणाच्या तरी साखरपुड्याची कॅसेट घातली. पहिल्या कॅमेऱ्यात चित्र स्वच्छ, रंग छान, आवाज शून्य. दुसरी कॅसेट घातली, तरी शून्य. इयरफोन लावला, तरी शून्य. म्हणजे दोष कॅमेऱ्यातच. त्यांनी झाकण खोललं तेव्हा सुकटीसारखा वास आला. त्या काळातल्या बऱ्याच कॅमेऱ्यांमध्ये बारीक कपॅसिटर असतात, ते वयानं पाझरतात, आतलं पाणी बोर्डावर उतरतं आणि तांब्याच्या रेघा खातं. कुणाचा आवाज जातो, कुणाचं चित्र. आमच्या तुकड्यासारखंच, वरनं सगळं ठीक, खालनं क्षार. तो कॅमेरा बाजूला ठेवला.

दुसऱ्या कॅमेऱ्यात चित्रावर मुंग्याच मुंग्या आणि आवाजात सारखी खरखर. मी म्हटलं, हाही गेला. काका म्हणाले, "न्हाई, ह्यो बरा हुईल." कारण विचारलं. मोठ्या व्हीएचएस कॅसेटीत साधा आवाज टेपच्या कडेला वेगळ्या पट्टीवर असतो आणि तो वाचणारं हेडही वेगळं, जागच्या जागी बसवलेलं. त्यामुळं तिथं चित्रात मुंग्या आल्या तरी आवाज नीट येऊ शकतो. आठ मिलीमीटरच्या कॅसेटीत आवाज चित्राबरोबरच फिरत्या हेडनं लिहिलेला असतो. दोन्ही एकदम बिघडले की पहिला संशय घाणेरड्या हेडवर. ठिबकला सगळ्याच लॅटरलमध्ये पाणी कमी आलं तर आपण एकेक ड्रीपर टोकरत बसत नाही, आधी फिल्टर खोलतो. तसंच हे.

हेड साफ करायची रीत नीट सांगतो, कारण इथंच लोक कॅमेरे मारतात. बॅटरी काढायची, वायर काढायची. चांगलं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ चामड्याचा तुकडा. कानातला कापूस चालत नाही, त्याचा धागा हेडच्या टोकात अडकतो. ओलसर चामडं ड्रमला नुसतं टेकवून धरायचं आणि दुसऱ्या हातानं ड्रम हळूच फिरवायचा. चामडं वर-खाली घासायचं नाही, हेडचं टोक मोडतं. मग टेप ओढणारा रबरी रोलर आणि बाजूचे खांब पुसायचे. पूर्ण वाळू द्यायचं. अत्तर, थिनर, सॅनिटायझर यांतलं काही वापरायचं नाही. काकांच्या चामड्यावर काळी-तपकिरी रेघ आली. साखरपुड्याची कॅसेट परत लावली तर नवरीच्या बांगड्यांचा आवाजसुद्धा ऐकू आला.

आता आमची कॅसेट. काकांनी ती उजेडात धरून खिडकीतून बघितली. गुंडाळीच्या कडेला पांढरे ठिपके होते. बुरशी. पुरानंतर घरात महिनाभर ओल होती, कॅसेट पाण्यात गेली नाही पण दमट हवेत राहिली. मी म्हटलं, दोन दिवस उन्हात ठेवतो. काका ओरडलेच, "मिरच्या वाळवताय का?" उन्हानं टेप वाकडी होते. बंद डब्यात, औषधाच्या बाटलीत येतात तसल्या ओल शोषणाऱ्या पुड्यांबरोबर ती आठवडाभर ठेवली. नंतर त्यांनीच ती खोलून कडेची बुरशी पुसली आणि एकदा पूर्ण पुढं-मागं गुंडाळून घेतली. हे काम घरी करू नये, मीही केलं नाही.

कॅमेरा आणि कॅसेट घेऊन घरी आलो. टीव्हीला जोडलं तर चित्र गरगर फिरतंय आणि स्पीकरमधून भणभण. पोटात गोळा आला. मग काकांचं वाक्य आठवलं, आधी कॅमेऱ्याच्या डोळ्यात बघा. छोट्या व्ह्यूफाइंडरमध्ये चित्र स्थिर होतं. म्हणजे कॅसेट बरोबर, हेड बरोबर, दोष त्याच्या पुढं. वायर मी डिशच्या बॉक्सची लावली होती. ती दिसायला तशीच, कॅमेऱ्याकडं बारीक पिन, टीव्हीकडं पिवळी-पांढरी-लाल. पण त्या पिनेवर चित्र, आवाज आणि अर्थ यांच्या जागा प्रत्येक कंपनीच्या वेगळ्या. चित्र अर्थच्या जागी गेलं की असा तमाशा होतो. काकांनी दिलेली वायर लावली, चित्र उभं राहिलं. पण काळं-पांढरं. पोरानं रिमोट घेतला आणि टीव्हीत कंपोनंटच्या जागी एव्ही निवडलं. रंग आला.

बारीक हम्म अजून होताच. कॅसेट जितकी कमी चालवावी तितकी बरी, म्हणून पहिल्याच फेरीत लॅपटॉपमध्ये उतरवून घ्यायची ठरवली होती, त्यासाठी यूएसबीचा डबा मागवला होता. लॅपटॉपचा चार्जर काढला, हम्म गेला. चार्जरमधून अर्थिंगचा घोळ आवाजात उतरत होता. आमच्या घराच्या अर्थिंगच्या खड्ड्यात कित्येक वर्षं मीठ-कोळसा पडलेला नाही, हेही त्यात कळलं.

मग आण्णा दिसले.

पांढरी टोपी, बाह्या वर, हातात पहार. मागं चर उघडा. आई उभी होती, ती खाली बसली. आण्णा दाजींच्या कॅमेऱ्याकडं बघून बोलत होते, "ह्यो मुख्य चर. चिंचेपासनं बावीस पावलं. तोंड ओढ्याला, बाभळीच्या खाली..." इथं चित्रावर मुंग्यांचा पट्टा आला, पण आवाज टिकला. पुढं उलटं झालं. "बाजूचे चर..." म्हणाले आणि आवाज खरखरला, आकडा गेला. पुन्हा हेड पुसून तेवढा भाग परत लावला, तरी आकडा आला नाही. तो आता येणारही नाही. पण त्याच वेळी कॅमेरा डावीकडून उजवीकडं फिरला होता आणि रानात दगडांचे तीन ढीग दिसत होते. तीन ढीग म्हणजे तीन चर.

त्यानंतर आण्णा कॅमेऱ्याच्या बाहेर कुणाला तरी बोलले, "ऐकतूयस का रं? परत सांगणार न्हाई." कॅमेरा वळला. फावड्यावर हनुवटी टेकवून मी उभा होतो, दुसरीकडंच बघत.

चिंच आता नाही, बांधाचा रस्ता झाला तेव्हा तोडली. पण चित्रात ती विहिरीच्या जुन्या धावेच्या बरोबर रेषेत दिसते, धाव अजून आहे. तिथनं खूण धरली. बावीस पावलं मी चाललो तर आई म्हणाली, "तुझं पाऊल नव्हं, त्यांचं. त्यांचं पाऊल अडीच फुटाचं." म्हणजे पंचावन्न फूट. पहार मारली, साडेतीन फुटांवर दगडाचा आवाज आला. तीच रेषा धरून ओढ्यावर गेलो. घाणेरीच्या जाळीखाली, दोन फूट गाळाखाली पाईपाचं तोंड होतं. आत बाभळीच्या मुळ्यांचा बोळा. दोघांनी मिळून ओढला. आधी काळं गढूळ पाणी आलं, संध्याकाळपर्यंत नितळ झालं. दुसऱ्या दिवशीही चालू होतं.

जमीन लगेच सुधारली असं म्हणणार नाही. दोन पावसाळे क्षार धुऊन जाऊ देऊ, मग परत माती तपासू, सामू तसाच राहिला तर जिप्सम. यंदा त्यात ऊस नाही, धैंचा करून गाडणार. आकडे आले की इथं टाकीन.

ज्यांच्याकडं जुन्या कॅसेटी आहेत त्यांनी क्रम लक्षात ठेवा. कॅसेटीची खिडकी बघा, बुरशी असेल तर चालवू नका. कॅमेरा पाल आहे का बघा. आधी बिनकामाची कॅसेट लावा. व्ह्यूफाइंडर, इयरफोन, मग टीव्ही, असं एकेक पायरीनं दोष शोधा. चित्र दिसलं की त्याच वेळी उतरवून घ्या. पावसाळ्यात थंड खोलीतून काढलेला कॅमेरा लगेच चालू करू नका, आत दव धरतं, तासभर थांबा.

आणि तुमच्या रानात चर, पाईपलाईन, बुजवलेली विहीर असेल तर आजच मोबाईल काढा. एखाद्या न हलणाऱ्या खुणेपासून फुटात अंतर सांगा, पावलात सांगू नका. मी काल आमच्या चराचा नकाशा काढून सातबाऱ्याच्या फाईलीत ठेवला. पोरालाही सोबत नेलं होतं. तो ऐकत होता की मोबाईल बघत होता, ते व्हिडीओत दिसेलच.