शोकेसबाई

या शोकेसबाई. चाळीतून ब्लॉकमध्ये आलेल्या कित्येक मराठी घरांत हॉलची एक अख्खी भिंत यांच्या नावावर असते. वर सरकत्या काचा, खाली सनमायकाची बंद दारं. पाहुणा चपला काढतो न काढतो तोच बाई त्याची नजर आपल्याकडे ओढून घेतात.

मिरवायची हौस दांडगी. आग्र्याचा ताजमहाल, थोरलीची वक्तृत्वाची ढाल, कधीही न उघडलेले विश्वकोशाचे दोन खंड, सगळं दर्शनी. १९८२ साली, एशियाडच्या वर्षी, दूरदर्शन रंगीत झालं. पुढे टीव्ही घरोघरी आला, तेव्हा बाईंनी त्याला मधला कप्पा दिला आणि स्वतःचाही भाव वाढवून घेतला.

सावंतवाडीची लाकडी फळं त्यांची विशेष लाडकी. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची, हाताने रंगवलेली. कारागिराचं कसब असं की आंब्याच्या देठाजवळची पिवळट छटासुद्धा हुबेहूब. लहान मूल हात पुढे करतं नि काचेवर बोटं उमटवून परत येतं. मग लगेच फडकं फिरतं.

शिस्त कडक. लग्नात आलेला सोनेरी काठाचा टी-सेट कुलपात. घरचे कान तुटलेल्या कपातून चहा पितात. सेट पाहुण्यांसाठी आहे म्हणतात, पण तो बाहेर काढावा एवढा मोठा पाहुणा कधी येतच नाही.

खालच्या दारांआड काय असतं, ते बाई कुणाला सांगत नाहीत. सराफाकडे गहाण टाकलेल्या बांगड्यांची पावती, पतपेढीची नोटीस, धाकट्याची नापासाची गुणपत्रिका. सख्खा मामा येतो, ढालीचं कौतुक करतो. त्याच्याही घरी अशीच एक पावती अशाच कप्प्यात पडलेली असते. बहीणभाऊ तासभर समोरासमोर बसतात, "मजेत ना?" "एकदम मजेत" म्हणतात, आणि एकमेकांचा आधार न घेताच उठतात. बाईंच्या रुबाबाची खरी किंमत ही.

त्यांना घराबाहेर काढा, असं मी म्हणणार नाही. त्यांच्या एकेका कप्प्यात कुणाचे तरी कष्ट आहेत. मात्र पुढच्या खेपेला किल्ली फिरवा. मामाला सोनेरी काठाच्या कपात चहा द्या आणि धाकटा नापास झालाय हे सांगून टाका. कप फुटला तर फुटू दे. सांगितल्याने घराची अब्रू जात नाही. उलट पोराला गणित शिकवायला मामा पुढच्या रविवारी येऊन बसेल.