नवसाचा पूल

मुलांनो, शाळेची बस चुकली तर तुम्ही काय करता? रिक्षा, नाहीतर बाबांची स्कूटर! पण ज्या गावात बस नाही, रिक्षा नाही, स्कूटर नाही, मोठ्या माणसांना साधी सायकलसुद्धा चालवता येत नाही, तिथल्या मुलांनी काय करायचं? सोपं आहे. चालत जायचं, नाहीतर होडीने जायचं.

असं एक गाव खरोखरच आहे बरं का! इटली देशातलं व्हेनिस. जुलै २०१९ मध्ये आम्ही चार मैत्रिणी तिथे जाऊन आलो. आमच्यातली एक मिलान शहरात नोकरी करते आणि आम्ही तिघी तिच्याकडे पाहुण्या गेलो होतो. तिने आधीच बजावलं होतं, "जुलैचा तिसरा रविवार गाठून या. त्या वेळी व्हेनिसचा मोठा सण असतो. रेदेंतोरे!" मिलानहून आगगाडीने अडीच तास. शेवटी दोन्ही बाजूंना समुद्राचं उथळ पाणी आणि मधून लांबच लांब पुलावरून गाडी धावते. स्टेशनच्या पायऱ्या उतरलो आणि पाहतो तर काय, रस्त्याच्या जागी हिरवंगार पाणी!

चिखलावर उभं राहिलेलं शहर

व्हेनिस शंभराहून जास्त छोट्या बेटांवर वसलं आहे. बेटांमधून कालवे आणि कालव्यांवर चारशेच्या वर पूल. मुख्य कालव्याला ग्रँड कॅनाल म्हणतात. त्यातून वापोरेत्तो नावाच्या बोटी चालतात. आपल्या सिटी बससारख्याच! थांबे, तिकीट, धक्काबुक्की, सगळं तेच. कचरा न्यायला होडी, टपालाला होडी, आजारी माणसाला दवाखान्यात न्यायलाही होडी. आगीचा बंबसुद्धा बोटीवर!

पण खाली तर नुसता चिखल. मग एवढे दगडी वाडे उभे कसे राहिले? जुन्या कारागिरांनी चिखलात लाकडाचे खांब एकमेकांना खेटून ठोकले, त्यांवर फळ्या, त्यांवर दगड आणि मग भिंती. १५९१ साली पुरा झालेल्या रिआल्तो पुलाखाली असे सुमारे १२,००० खांब आहेत म्हणतात. तुम्ही म्हणाल, लाकूड कुजत कसं नाही? गंमत अशी, की खोल चिखलात हवा जवळजवळ पोचतच नाही. त्यामुळे लाकूड कुजवणाऱ्या जीवांचं तिथे फारसं चालत नाही.

गोंडोला ही तिथली प्रसिद्ध काळी होडी. जवळजवळ अकरा मीटर लांब. ती दोन्ही बाजूंनी सारखी नसते, डावी बाजू जास्त रुंद असते. नावाडी मागे उभा राहून एकाच बाजूने वल्हं मारतो. होडी सरळ असती तर गोल गोल फिरली असती! अर्ध्या तासाचे ८० युरो ऐकून आम्ही लांबूनच नमस्कार केला. पण ग्रँड कॅनालच्या या काठावरून त्या काठावर सोडणाऱ्या साध्या गोंडोला असतात. दोन युरोत तीही हौस भागली.

नवस कसा बोलला गेला

आता सणाची गोष्ट ऐका. १५७५ साली व्हेनिसमध्ये प्लेग आला. दोन वर्षांत सुमारे ५०,००० माणसं गेली. दर चार माणसांमागे एक! उंदरांच्या पिसवांमधून प्लेग पसरतो हे तेव्हा जगात कुणालाच ठाऊक नव्हतं. पण आजारी माणसाला वेगळं ठेवायला हवं, हे व्हेनिसच्या लोकांनी ओळखलं होतं. १४२३ पासून त्यांच्याकडे एका वेगळ्या बेटावर प्लेगचा दवाखाना होता. पुढे परगावहून आलेल्या जहाजांनाही चाळीस दिवस बाजूला थांबवून ठेवू लागले. इटालियन भाषेत चाळीसला 'क्वारांता' म्हणतात. क्वारंटाइन हा शब्द आला तो तिथूनच!

१५७६ च्या सप्टेंबरमध्ये, सगळे उपाय थकल्यावर, तिथल्या राज्यसभेने नवस बोलला, साथ हटू दे, आम्ही येशूचं मोठं देऊळ बांधू आणि दर वर्षी चालत दर्शनाला येऊ. १५७७ च्या जुलैमध्ये साथ संपल्याचं जाहीर झालं. देवळाचा पाया तेव्हा कुठे घातला जात होता, पण लोकांना धीर कुठला! मधे जुदेक्काचा रुंद कालवा. मग त्यांनी होड्या एकमेकींना जोडून त्यांचाच पूल केला आणि सगळं गाव पलीकडे चालत गेलं. देऊळ १५९२ मध्ये पुरं झालं. ते रचणारा पाल्लादिओ हा थोर स्थापती त्याच्या बारा वर्षं आधीच वारला होता.

तेव्हापासून दर जुलैत दोन-तीन दिवसांपुरता तो पूल पुन्हा उभारतात. आता खाली होड्यांऐवजी तरंगते तराफे असतात, पण वाट तीच.

शनिवारची रात्र

संध्याकाळी आम्ही त्या पुलावरून चालत गेलो. लांबी तीनशे मीटरच्या वर. पायाखाली पूल किंचित हलत होता. आजीआजोबा, कडेवरची बाळं, काठी टेकत चाललेले म्हातारे, सगळे एकाच दिशेने. मला तर आपल्या वारीचीच आठवण झाली.

पलीकडच्या काठावर लोकांनी घरातली टेबलं बाहेर आणून मांडली होती. वर कागदी कंदील. पाण्यात शेकडो होड्या, पानांनी आणि दिव्यांनी सजवलेल्या, आणि त्यांतही जेवणाची धमाल! कांदा, व्हिनेगर आणि मनुका घालून मुरवलेले मासे हा तिथला खास पदार्थ. जुन्या खलाशांनी मासे टिकावेत म्हणून काढलेली युक्ती. आमच्यातल्या शाकाहारी मैत्रिणीची पंचाईत झाली, तेवढ्यात शेजारच्या टेबलावरच्या आजींनी कलिंगडाची भलीमोठी फोड पुढे केली. या सणाला कलिंगड हवंच!

आजींचा दहा-अकरा वर्षांचा नातू शाळेतल्या इंग्रजीत आमच्याशी बोलत होता. तो म्हणाला, "आजीच्या इमारतीत सहा घरं आहेत. पण कायम राहणारे लोक दोनच घरांत. बाकी घरांत रोज नवे पाहुणे येतात." तो स्वतः पुलापलीकडच्या मेस्त्रे गावात राहत होता, कारण व्हेनिसमधलं भाडं त्याच्या आईबाबांना परवडत नव्हतं. सणाला मात्र सगळे आजीकडे.

दुपारी आम्ही रिआल्तोजवळ एका औषधांच्या दुकानाच्या खिडकीत एक आकडा पाहिला होता. गावात कायम राहणाऱ्या माणसांचा! तेव्हा तो सुमारे ५३,००० होता. १९५१ मध्ये तिथे जवळजवळ पावणेदोन लाख लोक राहत. त्या आकड्याचा अर्थ मला त्या मुलामुळे कळला.

साडेअकराला आतषबाजी सुरू झाली. एक बाण आकाशात फुटे आणि दुसरा पाण्यात! होड्यांचे भोंगे, टाळ्या, आरोळ्या. आजी मात्र गप्प बसून बघत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "आज गाव आमचं वाटतं." नातवाने ते आम्हाला इंग्रजीत सांगितलं. दुसऱ्या दिवशी होड्यांच्या शर्यती आणि देवळातली प्रार्थना पाहून आम्ही परतलो.

त्यानंतर काय झालं?

चारच महिन्यांनी, १२ नोव्हेंबर २०१९ च्या रात्री समुद्राला १८७ सेंटिमीटरची भरती आली. १९६६ मधल्या १९४ सेंटिमीटरनंतरची सर्वांत मोठी. बहुतेक सगळं शहर पाण्यात गेलं. मला एकदम त्या आजींची आठवण आली.

मग २०२० साल उजाडलं. क्वारंटाइन म्हणजे काय ते तुमच्या घरातल्या मोठ्यांना विचारा. जो सण साथ संपली म्हणून सुरू झाला, त्याचीच आतषबाजी साथीमुळे त्या वर्षी रद्द करावी लागली! २०२१ मध्ये ती पुन्हा झाली.

पण २०२० मध्येच एक चांगली गोष्टही घडली. समुद्र जिथून आत शिरतो त्या तीन तोंडांशी तळाला ७८ पोकळ लोखंडी दारं बसवली आहेत. एरवी ती पाणी भरून आडवी पडलेली असतात. मोठी भरती येणार असं कळलं, की त्यांच्यात हवा भरतात, पाणी बाहेर जातं, दारं हलकी होऊन वर उठतात आणि समुद्राला अडवतात. ३ ऑक्टोबर २०२० ला त्यांनी पहिल्यांदा खरी भरती थोपवली.

१ ऑगस्ट २०२१ पासून घरांपेक्षा उंच अशा प्रवासी जहाजांना जुदेक्काच्या कालव्यात बंदी झाली. २०२४ पासून गर्दीच्या ठरावीक दिवशी फक्त दिवसापुरतं येणाऱ्या पाहुण्यांना प्रवेश फी पडते. भरतीला दारं अडवतील, गर्दीला फी थोडीफार अडवेल. पण दुकानातला तो आकडा २०२२ मध्ये ५०,००० च्याही खाली गेला. त्याला अजून उपाय सापडलेला नाही.

तरी पूल दर वर्षी उभा राहतो. कायमचा बांधला तर बोटींची वाट अडेल, हे खरंच. पण मला वाटतं, दर वर्षी नव्याने उभारायचा असतो, म्हणूनच नातू आजीला विचारतो, "हा पूल कशासाठी गं?" आणि आजी गोष्ट सांगते.

आपल्याकडेही १८९७ साली पुण्यात प्लेग आला होता. रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले त्याच आजाराने गेल्या. तुमच्या गावातली एखादी जत्रा, एखादी पालखी, एखादा नवस कधी आणि का सुरू झाला, ते तुम्हाला माहीत आहे का? या सुट्टीत आजीआजोबांना विचारा आणि वहीत लिहून ठेवा. सांगणारं माणूस घरात आहे, तोवरच!